जुन्या स्पोर्ट बाईकचा पुढचा ब्रेक पाईप बदलताय? घाट उतरण्याआधी हे वाचा

सातारा/सांगली : पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताय. मागं घरचं माणूस बसलंय, पुढं गाड्यांची रांग. पुढचा ब्रेक दाबला, लिव्हर नेहमीपेक्षा मऊ लागला. पुढच्या वळणावर तो आणखी आत गेला. अशा वेळी गाडी किती सीसीची आहे याला काही अर्थ नसतो. ती थांबते की नाही, एवढंच महत्त्वाचं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एमएच ११, एमएच ५० आणि एमएच १० पासिंगच्या जुन्या स्पोर्ट बाईक आजही रोज चालतात. हिरो होंडा सीबीझेड १९९९ ला आली, बजाज पल्सर २००१ ला, करिझ्मा २००३ ला, टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० ही २००७ ला आणि यामाहा आर१५ ही २००८ ला. यातल्या बऱ्याच गाड्यांनी १५ वर्षं ओलांडली आहेत. इंजिनचं काम झालं, टायर बदलले, चेन-स्प्रॉकेट नवं टाकलं. पण पुढच्या डिस्क ब्रेकचा काळा रबरी पाईप मात्र शोरूममधून आला तोच आहे. त्याच्या जागी स्टीलच्या जाळीचा पाईप टाकायचा विचार बरेच जण करतात. तो कधी टाकावा, कसा टाकावा आणि त्यानं नेमकं काय होतं, याची ही सविस्तर माहिती.

हा लेख कोणासाठी?

पुढं डिस्क ब्रेक आहे आणि एबीएस नाही, अशा जुन्या गाड्यांसाठी. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्या बिगर-एबीएसच्या आहेत. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर पाईप जास्त असतात आणि हवा काढायला काही गाड्यांना स्कॅनरही जोडावा लागतो. ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. आरएक्स १०० किंवा आपल्याकडं मिळालेली राजदूत ३५० यांना मुळात पुढं ड्रम ब्रेक आहे. तिथं ब्रेकला केबल असते, ऑईलचा पाईप नसतो.

लिव्हर दाबल्यावर आत काय होतं?

हँडलवरच्या छोट्या डब्याखाली मास्टर सिलेंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला पिस्टन ब्रेक ऑईलला ढकलतो. तो दाब पाईपमधून खाली कॅलिपरपर्यंत जातो आणि कॅलिपर पॅडनं डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतो.

हा दाब साधासुधा नसतो. बोटांनी १० किलोचा जोर लावला तर लिव्हरच्या लांबीमुळं तो पिस्टनवर पाच-सहा पट होतो. पिस्टन अर्ध्या इंचाचा धरला तर ऑईलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ४० किलोच्या आसपास दाब तयार होतो. चाकातल्या हवेचा दाब २ किलोच्या जवळपास असतो. म्हणजे पाईपला त्याच्या वीस पट दाब सोसावा लागतो, तोही दिवसातून शेकडो वेळा.

रबरी पाईपला आत रबराची नळी, मध्ये धाग्यांचं विणकाम आणि बाहेर रबराचं कव्हर असतं. नवा असताना तो फारच थोडा फुगतो. वर्षं जातात तसं रबर थकतं. तासगाव-मिरज भागातल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. फवारणीच्या एचटीपी पंपाचा जुना पाईप दाबाखाली फुगतो, पंप तोच असला तरी गनला जोर राहत नाही. ब्रेकचंही तसंच. तुमच्या बोटांचा काही जोर पाईप फुगवण्यातच जातो आणि कॅलिपरपर्यंत कमी पोहोचतो.

स्टीलच्या जाळीच्या पाईपमध्ये आतली नळी टेफ्लॉनची असते आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची घट्ट जाळी. जाळी नळीला फुगू देत नाही. म्हणून लिव्हर कडक लागतो आणि दाबल्या दाबल्या ब्रेक पकडतो.

एक गैरसमज आधी काढून टाका

पाईप बदलल्यानं गाडीत नवीन ताकद येत नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. टायर गुळगुळीत असेल, पॅड संपले असतील, डिस्क झिजली असेल तर सोन्याचा पाईप टाकला तरी उपयोग नाही. चांगला पाईप फक्त वाया जाणारा जोर वाचवतो आणि ब्रेक किती लागतोय याचा अंदाज बोटांना नीट देतो. आणि एक. कंपनीचा नवा ओरिजिनल रबरी पाईप टाकला तरी थकलेल्या जुन्या पाईपच्या मानानं फरक जाणवतोच. तो काही शे रुपयांत येतो. चांगला जाळीचा पाईप त्याच्या कितीतरी पट महाग असतो. खिशाला जमत नसेल तर ओरिजिनल रबरी पाईप हा कमीपणा नाही. जुनाच ठेवणं हा धोका आहे.

दोष पाईपचाच आहे का? आधी हे तपासा

लिव्हर मऊ लागतो म्हणून लगेच पाईप विकत घेऊ नका. कारणं वेगवेगळी असतात.

• लिव्हर दोन-तीनदा पटापट मारला की कडक होतो : आत हवा आहे. नीट हवा काढा.

• लिव्हर दाबून धरला की हळूहळू आत सरकत जातो आणि बाहेर कुठंच गळती दिसत नाही : मास्टर सिलेंडरचं सील गेलं असण्याची शक्यता जास्त. किट बदला.

• डब्यातलं ऑईल चहासारखं काळपट झालंय : ऑईल जुनं आहे. आधी ते बदला.

• ऑईलची पातळी खाली गेलीय : पॅड झिजलेत किंवा कुठंतरी गळती आहे. नुसतं वरून ऑईल ओतून मोकळं होऊ नका.

• ब्रेक सोडला तरी चाक जड फिरतं : कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना चिखलानं अडकल्या असतील. कधी कधी जुन्या पाईपची आतली नळी सुजते. दाबलेलं ऑईल खाली जातं, पण परत वर येत नाही.

आता पाईप बघा. दुसऱ्याला लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि पाईप मुठीत धरा. फुगताना हाताला जाणवला तर तो थकलाय. दोन्ही टोकांजवळ, जिथं रबर लोखंडी फिटिंगमध्ये जातं, तिथं पाईप हळू वाकवून मोबाईलच्या उजेडात बघा. बारीक भेगा, ओलसरपणा, फुगवटा यातलं काहीही दिसलं तर पाईप बदलायचाच. जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं रबर लवकर कडक होतं. महाबळेश्वर, पाटण, शिराळा भागातल्या पावसात ओल आणि गंज त्रास देतात.

वर सगळं ठीक दिसत असलं तरी वय मोजा. यामाहासारख्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑईल दर २ वर्षांनी आणि ब्रेकचे रबरी पाईप दर ४ वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं.

घाटात ब्रेक अचानक का जातो?

वाई ते पाचगणी हा घाट १२ किलोमीटरच्या आसपास आहे आणि उंचीतला फरक ५०० मीटरहून जास्त. गाडी आणि दोन माणसं मिळून २९० किलो धरा. एवढं वजन ५०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात ४ लिटर गार पाणी उकळेल. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडली, तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शिरली की ते लवकर उकळतं. डॉट ३ ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की १४० पर्यंतच. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. त्यामुळं लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि कॅलिपरपर्यंत काहीच पोहोचत नाही.

हे जाळीचा पाईप टाकूनही होऊ शकतं. म्हणून पाईपसोबत सीलबंद बाटलीतलं नवं ऑईल हवंच, आणि घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी.

पाईप विकत घेताना काय बघाल?

१. लांबी : जुना पाईप सोबत न्या. उंच हँडल बसवलं असेल तर पाईप जास्त लांब लागतो. आखूड पाईप हँडल वळवल्यावर ताणला जातो, फार लांब पाईप चाकाकडं लोंबतो.

२. टोकाचा कोन : बोल्ट ज्या गोल फिटिंगमधून जातो त्याला बँजो म्हणतात. तो सरळ आहे की वाकडा, हे जुन्याशी जुळलं पाहिजे.

३. आटे : बँजो बोल्ट बहुधा १० मिलिमीटरचा असतो, पण आटे दोन प्रकारचे मिळतात, १.०० आणि १.२५. चुकीचा बोल्ट दोन आटे हातानं जातो आणि मग अडतो. तिथं पान्यानं जबरदस्ती केली की कॅलिपरचे आटे गेलेच म्हणून समजा.

४. टोकाची जोडणी : मशीननं दाबून बसवलेली असावी. क्लिप किंवा क्लॅम्प लावून जोडलेला पाईप ब्रेकला कधीही चालत नाही.

५. शिक्का : भारतात ब्रेक पाईपसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. पाईपवर किंवा पाकिटावर मानक आणि बनवणाऱ्याचं नाव नसेल तर घेऊ नका. बाजारात साध्या रबरी पाईपवर शोभेची जाळी चढवलेला मालही मिळतो. रंग बघून फसू नका.

सोबत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे चार नवे वायसर घ्या, प्रत्येक बोल्टला दोन. जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा नीट बसत नाहीत.

काम कसं करतात? पायरी पायरीनं

स्वतः करणार असाल तर, आणि मेस्त्रीकडं देणार असाल तरीही, हा क्रम माहीत असू द्या. शेजारी उभं राहून बघता येतं.

१. गाडी मेन स्टँडला घ्या. हँडल असं वळवा की ऑईलचा डबा सपाट राहील. टाकी आणि मडगार्डवर ओलं फडकं टाका. ब्रेक ऑईल रंग खातं. थेंब पडलाच तर लगेच पाण्यानं धुवा.

२. जुना पाईप कुठून कसा गेलाय याचे मोबाईलवर तीन-चार फोटो काढा. जोडताना उपयोगी पडतात.

३. डब्याचं झाकण आधी पुसा, मग उघडा. कॅलिपरच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा, निप्पल सैल करा आणि लिव्हर मारून जुनं ऑईल काढा.

४. दोन्ही बँजो बोल्ट काढा, जुना पाईप काढा. डिस्क आणि पॅडवर ऑईल पडू देऊ नका. पॅडला ऑईल लागलं तर पॅड बदलणं हाच सुरक्षित मार्ग.

५. नवा पाईप जुन्याच वाटेनं न्या. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वायसर. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण बसवा, मग पाना लावा. आट्यांना नळाची पांढरी टेप किंवा एमसील लावू नका. इथं गळती आट्यांनी थांबत नाही, वायसरनं थांबते.

६. बोल्ट किती आवळायचा हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक जपानी गाड्यांत हा आकडा २३ ते ३४ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क रेंच वापरणारा मेस्त्री शोधा. हा बोल्ट आतून पोकळ असतो, जास्त आवळला की तुटतो.

७. ऑईल भरण्याआधीच हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून बघा. पुढचं चाक वर उचलून आणि शॉकअप दाबूनही बघा. पाईप कुठं ताणतो का, चाकाला किंवा केबलला घासतो का? स्टीलची जाळी कानशीसारखी काम करते. टाकीचा रंग, मीटरची केबल, वायरिंग, सगळं कापते. मूळ क्लॅम्प आणि रबर जागेवर लावा.

हवा काढणं : खरं काम इथंच आहे

पाईप जोडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हवा काढायला त्याहून जास्त वेळ गेला तरी जाऊ द्या. इथं घाई केली की नवा पाईप टाकूनही ब्रेक जुन्यापेक्षा मऊ लागतो आणि लोक पाईपला नावं ठेवतात.

डब्याच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं नवं ऑईल भरा. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळं. नाव सारखं वाटलं तरी ते यांत मिसळू नका.

लिव्हर हळू दाबा आणि धरून ठेवा. निप्पल पाव फेरा सैल करा, ऑईल आणि बुडबुडे नळीतून बाहेर येतील. निप्पल बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते. चार-पाच वेळा झालं की डबा बघा. पातळी तळाला गेली आणि हवा आत शिरली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. जुन्या गाडीत लिव्हरच्या मागं लाकडाचा छोटा तुकडा धरा, म्हणजे तो हँडलला टेकणार नाही. मास्टर सिलेंडरच्या न वापरलेल्या भागात गंज-कचरा असतो, पिस्टन तिथवर गेला तर सील फाटू शकतं.

बुडबुडे थांबले तरी लिव्हर मऊ असेल तर हवा बहुधा वरच्या बँजोजवळ अडकलेली असते. पाईपला खालून वर बोटांनी टिचक्या मारा. लिव्हर रबरानं दाबून रात्रभर बांधून ठेवला तर बारीक बुडबुडे डब्याकडं वर येतात. सकाळी पुन्हा एकदा हवा काढा.

या चुका करू नका

• ब्रेकचे आतले भाग पेट्रोल, रॉकेल, डिझेलनं धुऊ नका. आतलं रबरी सील फुगतं आणि ब्रेक अडकतो. इंजिन ऑईल किंवा शॉकअपचं ऑईल डब्यात टाकलं तरी तेच होतं.

• बाटलीत काढलेलं ऑईल परत वापरू नका.

• ते ऑईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून गोठ्यात, ओट्यावर ठेवू नका. ते विषारी आहे. पोरांपासून, जनावरांपासून, विहिरीपासून आणि पाटाच्या पाण्यापासून लांब ठेवा.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी

लिव्हर पूर्ण जोरानं एक मिनिट दाबून धरा. तो सरकता कामा नये. दोन्ही बोल्टना आणि निप्पलला कोरडा कागद लावून बघा, ओला झाला तर गाडी हलवायची नाही. मग अंगणात ढकलत ब्रेक मारून बघा. नंतर मोकळ्या रस्त्यावर १० ते २० च्या वेगानं. ५० किलोमीटर झाले की बोल्ट, ऑईलची पातळी आणि पाईपची वाट पुन्हा तपासा. पहिली चाचणी घाटात नको, आणि मागं कुणाला बसवून तर अजिबात नको.

आणखी एक महत्त्वाचं. बिगर-एबीएस गाडीत पुढचा ब्रेक आता पूर्वीपेक्षा लवकर पकडेल. हाताला जुन्या मऊ लिव्हरची सवय आहे. ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस आणि ट्रॉल्यांनी आणलेला चिखल असतो. कच्च्या रस्त्यावर खडी असते. तिथं जुन्या सवयीनं करकचून दाबला तर पुढचं चाक लॉक होऊन गाडी आडवी होऊ शकते. दोन दिवस हळू चालवा, बोटांना नवा अंदाज येऊ द्या, मागचा ब्रेकही सोबत वापरा.

आरसी रिन्यू करताय?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी नाहीतरी त्या कामाला काढणारच असाल, तर पाईप, ऑईल आणि पॅड तेव्हाच एकत्र बघून घ्या. कागद नवा झाला म्हणून ब्रेक नवा होत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी दोष शोधा, मग पाईप घ्या.
• पैसे कमी असतील तर क्रम असा : टायर आणि पॅड, मग नवं ऑईल, मग ओरिजिनल रबरी पाईप. जाळीचा पाईप त्यानंतर.
• ४ नवे वायसर, योग्य आट्यांचा बोल्ट, योग्य लांबी. यात तडजोड नाही.
• हवा पूर्ण निघाल्याशिवाय आणि लिव्हर कडक झाल्याशिवाय गाडी दारातून बाहेर काढायची नाही.
• दर २ वर्षांनी ऑईल बदला. बदलल्याची तारीख पेननं कागदावर लिहून सीटखाली चिकटवा.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढं करा. गाडी उभी असताना लिव्हर दाबून धरा, पाईप मुठीत घ्या आणि मोबाईलचा उजेड मारून दोन्ही टोकं बघा. दोन मिनिटांचं काम आहे. काही वेगळं जाणवलं तर उद्याचा घाट रद्द करा आणि आधी मेस्त्रीकडं जा.